शून्याची तपासणी

टेबलावर सात वस्तू होत्या. झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. टिश्यूंचा नवा डबा, त्यातला पहिला टिश्यू अर्धा वर ओढलेला. निळं पेन, टोपण काढलेलं. ते टोपण, पेनापासून वीतभर लांब. टाइप केलेला एक कागद, तिच्या बाजूला तोंड करून ठेवलेला. एक रिकामा लिफाफा. आणि मॅनेजरचा मोबाइल, पालथा. काम सुरू करण्याआधी टेबलावर काय काय आहे ते मोजायचं, ही तिची लॅबमधली सवय. मग काम संपताना काय वाढलं, काय कमी झालं ते आपोआप कळतं. सात हा आकडा तिने मनात टिपला आणि मगच खुर्ची ओढली. पण नजर त्या अर्ध्या ओढलेल्या टिश्यूवर अडकून राहिली. आज सकाळी कोणीतरी या खोलीत येऊन, ही मुलगी कुठे बसेल, रडायला लागल्यावर तिचा हात कुठवर पोचेल, याचा अंदाज घेऊन तो डबा ठेवला होता. अंतर अगदी बरोबर होतं. रडू मात्र येत नव्हतं.

"बस गं, आधी पाणी घे," साखरबाई म्हणाली. ही मनुष्यबळ विभागाची बाई. लॅबमध्ये सगळे तिला साखरबाई म्हणत, कारण वाईट बातमीसुद्धा तिच्या तोंडून पाकात घोळूनच बाहेर पडायची. शेजारी मॅनेजर होते, आणि ते खिडकीकडे बघत होते, जणू काही या खोलीत ते चुकून आले होते. "तू मला धाकट्या बहिणीसारखी. म्हणून सांगते, हे काढून टाकणं वगैरे शब्द आपल्याला नकोतच. आत्ता कुठे तुझी सुरुवात आहे. डाग कशाला लावून घेतेस? ही एवढी सही कर, आम्ही तुला झकास दाखला देतो. हसतखेळत निरोप."

कागदावर एकच वाक्य होतं. 'वैयक्तिक कारणांमुळे मी माझ्या पदाचा राजीनामा स्वेच्छेने देत आहे.' खाली तिचं नाव, एकही चूक नसलेलं, आणि आजची तारीख. तीन वर्षांत या कंपनीच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव पहिल्या खेपेला बरोबर आलं नव्हतं.

"वैयक्तिक कारण कोणतं?" तिने विचारलं.

"ते काय, काहीही असतं. लग्न, तब्येत, घरचं काही."

"माझं कोणतं आहे?"

"मॅडम, शब्दांचा कीस पाडू नका," मॅनेजर खिडकीशीच बोलले. "कारण तुम्हाला माहीत आहे."

कारण तिला माहीत होतं. ते कारण सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सापडलं होतं, आणि तिनेच ते शोधलं होतं. ही लॅब दुसऱ्यांचे थर्मामीटर तपासून देते. हॉस्पिटलांतल्या औषधांच्या फ्रिजमधले, रक्तपेढ्यांतले. आलेला प्रत्येक थर्मामीटर लॅबच्या स्वतःच्या थर्मामीटरशेजारी ठेवायचा, दोघांचे आकडे जुळतात का बघायचं, आणि दाखल्यावर सही करायची. लॅबच्या त्या थर्मामीटरला सगळे मास्टर म्हणत. करंगळीएवढ्या जाडीचा स्टीलचा दांडा, तारेने आकड्यांच्या छोट्या पडद्याला जोडलेला, त्यावर ४४१७ हा नंबर कोरलेला, आणि मखमलीच्या पेटीत त्याची जागा. पण मास्टर खरं बोलतो आहे हे कोण सांगणार? त्याला बर्फ लागतो. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक किसून, शुद्ध पाण्यात कालवून, थर्मासात ठासून भरायचा. वितळणारा बर्फ कोणाचं ऐकत नाही, कोणाचा पगार घेत नाही. तो शून्यावरच असतो. मास्टर त्यात उभा करायचा आणि वाट बघायची. दर सोमवारी हे करावं असं नियमांत होतं, आणि नियमांत असलेलं प्रत्यक्षात करणारी ती एकटीच होती, म्हणून तिचं नाव शून्यबाई पडलं होतं. त्या सोमवारी मास्टरने शून्य दाखवलं नाही. त्याने ०.३१ दाखवलं. पाच शतांशांपर्यंत माफ असतं. हे एकतीस होते. दहा मिनिटांनी परत ०.३१. आणखी दहा मिनिटांनी तेच. तिने नोंदवहीत तीनही आकडे लिहिले आणि मास्टरच्या पेटीला लाल चिठ्ठी बांधली: वापरू नये. दुपारी चिठ्ठी गायब होती. एका हॉस्पिटलचे अकरा थर्मामीटर दाखल्यांसाठी थांबले होते, आणि मॅनेजर तिच्या टेबलापाशी उभे राहून म्हणत होते, "तुमचं शून्य तुमच्यापाशी ठेवा. आठ महिन्यांपूर्वीचा मास्टरचा दाखला आहे माझ्याकडे, एकदम ठणठणीत. ते पान काढून टाका आणि या अकरांवर सह्या करा." पान काढता येत नव्हतं, वही शिवलेली होती, पानांवर नंबर छापलेले होते. सह्या तिने केल्या नाहीत. संध्याकाळी मास्टर मॅनेजरच्या कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. आज गुरुवार. सुंठीवाचून खोकला घालवायचा बेत होता, आणि त्यासाठी फक्त तिची सही हवी होती, फुकटची.

वरच्या हवेच्या जाळीला कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवली होती, हवा येते आहे की नाही ते कळावं म्हणून. ती पट्टी फडफडत होती. तिला बाबांची आठवण आली, किंवा बाबा मघाशीच मनात येऊन बसले होते आणि तिचं लक्ष आत्ता गेलं. ती नऊ वर्षांची होती. शाळेला कसलीशी सुटी होती, आणि भर दुपारी साडेअकराला बाबा घरी आले. कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस साडेअकराला घरी येत नाही. त्यांच्या हातात डबा होता, आणि तो त्यांनी ओट्यावर ठेवला तेव्हा आवाज रिकाम्या डब्याचा आला नाही. आईने झाकण उघडलं. पोळ्या होत्या तशा होत्या. बाबा म्हणाले, "सोडली." आई म्हणाली, "सोडली की काढलं?" बाबा म्हणाले, "सही केली." मग त्यांनी त्या दुपारी घरातला नळ दुरुस्त केला, दुसऱ्या दिवशी दाराची कडी, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची कडी, आणि महिनाभरात त्या इमारतीत करकरणारं एकही दार उरलं नाही म्हणावं अशी वेळ आली. लोक विचारायचे. बाबा सांगायचे, मीच सोडली, माझंच मन रमेना. इतक्या वेळा सांगितलं, की पुढे पुढे त्यात मन कसं रमेना याचे बारकावे यायला लागले. साहेबाचा स्वभाव, धूळ, पाठ. ती मोठी होत गेली तशी ती गोष्टही मोठी होत गेली. त्यांच्यासमोरही असाच एक कागद ठेवला असेल, असंच टोपण काढलेलं पेन. टोपण काढून ठेवणं हे सगळ्यांत हुशारीचं, तिला वाटलं. टोपण काढायला लागणारा तो अर्धा सेकंद, तेवढ्यात माणूस विचार करू शकतो.

तिने पेन उचललं. साखरबाईने श्वास सोडला. तो ऐकू आला.

नोंदवहीचा एक नियम आहे, आणि लॅबमध्ये आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी शिकवतात. चुकीचं लिहिलं गेलं तर खोडरबर नाही, पांढरा रंग नाही, गिरवणं नाही. एकच सरळ रेघ मारायची, अशी की तिच्याखालचं चुकीचंही वाचता यावं. शेजारी बरोबर ते लिहायचं. मग सही, तारीख, वेळ. तिचा हात हे इतक्या वेळा करून बसला होता, की त्याला विचारावं लागलं नाही. राजीनाम्याच्या वाक्यावर तिने पट्टीने मारावी तशी एक रेघ मारली. वर लिहिलं, 'हे वाक्य माझे नाही. मी राजीनामा देत नाही. मला काढायचे असल्यास कारण लेखी कळवावे.' सही केली. तारीख छापलेली होतीच, पण ती छापलेली होती म्हणून तिने स्वतःच्या हाताने परत लिहिली. घड्याळ बघितलं. दहा वाजून त्रेपन्न मिनिटं.

"हे काय केलंत?" मॅनेजर पहिल्यांदा खिडकी सोडून तिच्याकडे वळले.

"दुरुस्ती."

"अगं, वेडी की काय तू?" साखरबाईच्या आवाजातला पाक एकदम पातळ झाला. "मग आम्हाला तुला काढावं लागेल. चौकशी लावावी लागेल. कळतंय का, किती लांबण लागतं त्याला?"

"कळतंय. पुस्तिकेत आहे. कलम एकोणीस. आरोप लेखी द्यायचा, उत्तराला सात दिवस, बाहेरचा चौकशी अधिकारी, सोबतीला इथलाच एक माणूस माझ्या पसंतीचा, आणि माझ्याविरुद्धचा पुरावा मला तपासू द्यायचा."

"ती पुस्तिका कोणी वाचतं का?" साखरबाईने खरोखरच्या कुतूहलाने विचारलं.

"सेहेचाळीस पानं आहेत. पहिल्या दिवशी दुसरं काम नव्हतं." मग ती म्हणाली, "या कागदाची एक प्रत मला हवी आहे." प्रत घेऊन ती उठली तेव्हा टेबलावर तिने पुन्हा मोजलं. सातच. कागदाच्या बदल्यात काही वाढलं नव्हतं, काही कमी झालं नव्हतं. टिश्यू अर्धाच वर होता.

जिन्याखालच्या धुण्याच्या खोलीत काचवाल्या मावशी बाटल्या पालथ्या घालत होत्या. बावीस वर्षं लॅबची काच त्यांनीच धुतली होती, आणि सोमवारच्या बर्फासाठी शुद्ध पाण्याचे ट्रेही त्याच भरत. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. "सही केलीस?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"केली. पण भलतीकडे."

मावशी हसल्या, खांद्यांनी. "चौकशीला सोबत कोण?"

"तेच विचारायला आले होते. पण तुमच्यावर राग धरतील, मावशी."

"धरू देत की. मला काढलं तर बाटल्या कोण धुणार, तो खिडकीत बघणारा? त्याच्या हातून कपबशीसुद्धा फुटते." मग पाणी बंद करून त्यांनी हात पुसले. "एक सांग, पण खरं सांग. तुझा आकडा पक्का आहे ना? नाहीतर हात दाखवून अवलक्षण व्हायचं."

"पक्का आहे," ती म्हणाली, आणि तिने ते लगेच म्हटलं, हे तिचं तिलाच खटकलं.

निकाल लागेपर्यंत घरी बसा, असं तिला सांगण्यात आलं होतं. बस रिकामी होती. या वेळेला बसमध्ये म्हातारी माणसं असतात आणि पिशव्या असतात, हे तिला नव्यानेच कळत होतं. घराची पायरी चढताना हातातल्या पिशवीचं वजन जाणवलं आणि ती थांबली. डबा भरलेला होता. साडेअकरा वाजायला चार मिनिटं होती. दार बाबांनीच उघडलं. त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग पिशवीकडे, आणि बाजूला झाले. काही बोलण्याआधी तिने कागदाची प्रत त्यांच्या हातात दिली. बाबा चष्मा शोधत राहिले. चष्मा कपाळावर होता. त्यांनी रेघेखालचं वाक्य वाचलं, रेघेवरचं वाचलं, आणि कागद उजेडाकडे धरला, जसा ते लेथवरून काढलेला तुकडा धरत असतील.

"रेघ सरळ आली आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला हे सुचलं नव्हतं."

"तुम्हाला कोणी पुस्तिका दिली नव्हती, बाबा."

"पुस्तिकेचं नव्हे. त्यांनी पाणी दिलं गं. मी पाणी प्यायलो, आणि मग नाही म्हणणं बरं दिसेना." ते खाली बसले. "काढणं त्यांचं काम, सोडणं आपलं. मी त्यांचं काम फुकट करून दिलं. आणि वर सगळ्यांना सांगत सुटलो, माझीच मर्जी." एवढंच. सोळा वर्षांची ती गोष्ट, तिच्यातली धूळ, साहेबाचा स्वभाव, पाठ, सगळं दोन-चार वाक्यांत आटोपलं. मग त्यांनी तिचा डबा उघडला आणि दोघांनी मिळून तो संपवला.

तिसऱ्या दिवशी आरोप पोस्टाने आला. 'उपकरणाविषयी खोटी नोंद करून कामात अडथळा आणला.' खोटी नोंद, हे दोन शब्द. नोकरी जाण्याचं तिला तितकं भय नव्हतं. लॅब पुष्कळ आहेत. पण खोटी नोंद हा शेरा एकदा माणसाच्या नावापुढे लागला, की कुठलीही लॅब त्याला दाखल्यावर सही करू देत नाही. मग तिने थर्मामीटर विकावेत, हवं तर, तपासायचे नाहीत. उत्तर लिहायला तिला दोन तास लागले आणि उरलेले दिवस उरले. त्या दिवसांत तो प्रश्न यायला लागला. आकडा वर का होता? बर्फ अशुद्ध असता तर आकडा शून्याच्या खाली गेला असता. मीठ मिसळलेला बर्फ जास्त गार होतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे दोष बर्फाचा नव्हता. पण दांडा बर्फात पुरेसा खोल बुडाला नसेल, तर बाहेरच्या हवेची ऊब दांड्यावरून आत उतरते आणि आकडा वर जातो. वीस सेंटिमीटर खोली हवी. नोंदवहीत खोलीच्या रकान्यात तिने वीस लिहिलं होतं. ती दर सोमवारी वीस लिहायची. त्या सोमवारी तिने पट्टी लावली होती का? हात आठवत होता, थर्मासाचा गार काठ आठवत होता, किसलेल्या बर्फाचा दाबताना येणारा करकर आवाज आठवत होता. पट्टी आठवत नव्हती. सवयीने लिहिलेला आकडा आणि मोजून लिहिलेला आकडा कागदावर अगदी सारखेच दिसतात. सारखेच दिसतात म्हणून तर बाबांची गोष्ट सोळा वर्षं चालली. एका दुपारी तिने हे बाबांना सांगितलं. ते त्यांचा जुना मायक्रोमीटर तेल देऊन पुसत होते. लहानपणी त्यांनी त्यात तिचा केस धरून त्याची जाडी मोजून दाखवली होती, सात शतांश मिलिमीटर, आणि ती दिवसभर ते सगळ्यांना सांगत फिरली होती.

"आठवून काय होतं?" बाबा म्हणाले. "मी काय कमी आठवलं? परत मोज."

"आणि शून्य आलं तर?"

"तर एक रेघ मार. तुझ्याच वहीत आहे ना तो नियम?"

तिने थोडा वेळ ते वाक्य मनात उभं ठेवून बघितलं, वाट बघितली, आणि ते हललं नाही. शून्य आलं, तर स्वतःच्या ओळीवर रेघ, शेजारी शून्य, सही, तारीख, वेळ. ते जमण्यासारखं होतं. त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

चौकशीच्या दिवशी त्याच खोलीत टिश्यू नव्हते. चौकशी अधिकारी निवृत्त इंजिनियर होते, बारीक, कानात केस असलेले. मॅनेजरांनी मास्टरचा आठ महिन्यांपूर्वीचा दाखला पुढे केला, त्यावरचा शिक्का दाखवला, आणि मग अनुभव, शिस्त, हॉस्पिटलची घाई असं बरंच बोलले. अधिकारी ऐकत राहिले. शेवटी त्यांनी तिला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझ्याविरुद्धचा पुरावा मास्टर आहे, सर. मला तो तपासायचा आहे. कलम एकोणीस. तपासताना सगळ्यांनी बघावं."

"काही गरज नाही," मॅनेजर म्हणाले. "दाखला असताना..."

"दाखल्यावर तुम्ही विसंबता, तर बर्फाला कशाला घाबरता?" मावशी दारातूनच म्हणाल्या. त्यांच्या हातात थर्मास होता.

"या कोण?"

"सोबतीचा माणूस," ती म्हणाली.

"आणि बर्फही माझाच," मावशी म्हणाल्या. "सकाळी सातला किसलाय."

अधिकाऱ्यांच्या कानातले केस हलल्यासारखे वाटले. ते हसत असावेत. "मला चौकशीला बोलावलं होतं, थंड प्यायला नाही. पण ठीक आहे. आणा ते."

कपाट उघडलं गेलं. मखमलीच्या पेटीतून दांडा बाहेर आला. तिने आधी नंबर मोठ्याने वाचला, ४४१७, आणि अधिकाऱ्यांना वाचायला लावला. मग खिशातून पट्टी काढली. बाबांची होती ती, स्टीलची, कडा झिजलेली पण खुणा शाबूत. टोकापासून वीस सेंटिमीटर मोजून तिने दांड्यावर शाईची खूण केली आणि खूण सगळ्यांना दाखवली. बर्फ दाबला. तोच करकर आवाज. दांडा उभा आत सरकवला, खूण बर्फाला टेकेपर्यंत. तिचे हात गार होते आणि स्थिर होते. तिने स्वतः आकडा वाचायचा नाही असं ठरवलं होतं. ती दोन पावलं मागे सरली आणि वाचायला अधिकाऱ्यांना पुढे केलं. जाळीवरची पट्टी फडफडत होती. साखरबाईसुद्धा वाकून बघायला लागली होती. पडद्यावरचे आकडे घसरत खाली आले, एक अंश, अर्धा अंश, मग हळू, मग अगदी हळू. मावशींनी पदराने कपाळ टिपलं. वीस मिनिटं झाल्यावर आकडे थांबले, तेव्हा तिने नोंदवहीचं नवं पान उघडून अधिकाऱ्यांसमोर ठेवलं, शेजारी पेन ठेवलं, टोपण लावलेलं. अधिकाऱ्यांनी टोपण काढलं आणि आपल्या हाताने लिहिलं.

पहिलं वाचन, अकरा वाजून बत्तीस मिनिटं, खोली वीस सेंटिमीटर: ०.३१ अंश.

दुसरं वाचन, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, खोली वीस सेंटिमीटर: ०.३१ अंश.

तिसरं वाचन, अकरा वाजून बावन्न मिनिटं, खोली वीस सेंटिमीटर: ०.३१ अंश.